कोणत्या झाडाची राख?

मोरिकावाबाईंनी वाडगा हातात घेतला आणि त्या गप्प झाल्या. हे आक्रीतच होतं. एरवी भट्टी उघडायच्या दिवशी बाई शिष्यांची सालं काढत. सत्तरी ओलांडलेल्या, जपानातल्या कुंभारघराण्यातल्या, लग्न करून जर्मनीत, नेकारसुल्मजवळच्या खेड्यात आलेल्या. झिलई शिकवायच्या तीही त्यांच्या घराण्याची: राख, माती, पाणी, बस्स. द्राक्षवेलीच्या राखेचा रंग वेगळा, सफरचंदाच्या राखेचा वेगळा. राखेत राख मिसळलेली त्यांना खपत नसे.

त्यांच्या शिष्येच्या, विभावरीच्या, चारही वाडग्यांवर निळसर, दुधी झिलई उतरली होती.

"आल्झो, तर मग," बाई अखेर म्हणाल्या, "कोणत्या झाडाची राख ही?"

विभावरीला सांगता येईना. शेजारीपाजारी शेगडीतली राख काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून तिला देत. तिच्या बागेतल्या गार्टनहाउसमध्ये, म्हणजे लाकडी खोपटात, त्या ओळीने मांडलेल्या असत, प्रत्येकीवर झाडाच्या नावाची चिठ्ठी. एकीवरच ती नव्हती. कुणीतरी ठेवून गेलं असेल म्हणून तिने नेमकी तीच वापरली होती.

"विचारून सांगते."

"विचारच. यातला एक मला प्रदर्शनात ठेवायचाय."

सहा वर्षांत बाईंनी तिच्या हातचं काही मागितलं नव्हतं. चारही वाडगे घेऊन विभावरी घरी आली ती हवेत तरंगतच.

घरी तिच्या सासूबाई होत्या. सुरेखाताई पुण्याहून जानेवारीत मुलाकडे, समर्थकडे, आल्या होत्या, आणि मातीच्या भांड्यांचं हे खूळ त्यांना बिलकूल पसंत नव्हतं. पण आज त्यांनी आपणहून नव्या वाडग्यात चहा ओतून घेतला.

"छान लागतो गं यात," त्या म्हणाल्या. विभावरीला वाटलं, आजचा दिवस सोन्याचा.

मग सुरेखाताईंनी आवाज खाली आणला. "समर्थ घरात नाही ना? हे बघ, रविवारी यांचं वर्षश्राद्ध. सकाळी मला नदीवर ने. आणि तुझ्या त्या गार्टनहाउसमधली माझी बरणी काढून दे. मघाशी शोधली, सापडेना बाई."

"तुमची कसली बरणी, आई?"

"अगं, यांची."

"बाबांची?"

"मूठभर राख नेकार नदीत सोड, असा शब्द घेतला होता यांनी माझ्याकडून. दर उन्हाळ्यात इथे आले की त्या काठावर बसायचे ना! समर्थला सांगितलं असतं तर तो कायदा काढून बसला असता, इथे हे फरबोटन आणि ते फरबोटन, सगळ्यालाच मनाई. अस्थी घरात ठेवायच्या नसतात. म्हटलं, तुझ्या रांगेत ठेवावी. इतक्या राखेत ही कोण बघतंय!"

विभावरीला चिठ्ठी नसलेली ती बरणी आठवली. त्या बरणीत पांढरे खडे निघाले होते. कसला चुना हा, म्हणत तिने ते खलात बारीक कुटले होते, वर गाणं गुणगुणत. राख धुतली होती, चाळली होती, वाडग्यांवर चढवली होती. सासऱ्यांना तिने दुसऱ्यांदा अग्नी दिला होता. खलाचं मात्र ती जन्मात कुणाला सांगणार नव्हती.

"आई, तो वाडगा खाली ठेवा."

"का? विसळला नव्हतास?"

विभावरीने सांगितलं. कसं सांगितलं ते तिचं तिलाच कळलं नाही. सुरेखाताईंच्या हातात अर्धा चहा होता. तो त्यांना पिववेना, ओतवेना, वाडगा खाली ठेववेना.

"चारही वाडग्यांवर?"

"हो."

"बरणीत काही उरलंय?"

"नाही, आई."

"माझ्या नवऱ्याचं भांडं केलंस तू!" सुरेखाताई ओरडल्या. "आता मी काय सोडू नदीत? कसा पाळू शब्द?"

सुरेखाताईंनी टेबलावरच्या उरलेल्या तीन वाडग्यांकडे पाहिलं. मग त्याच म्हणाल्या, "चारही सोडायचे." त्या क्षणी विभावरीला प्रदर्शन आठवलं. एक तरी ठेवू या, हे शब्द अगदी ओठांवर आले, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

रविवारी उजाडताच दोघी नेकारच्या काठावर गेल्या. समर्थला फिरायला जातो म्हणून सांगितलं. पहिले तीन वाडगे सुरेखाताईंनी तिरके करून पाण्यात धरले. ते भरले आणि गुपचूप तळाला गेले. चौथा त्यांनी दोन्ही हातांनी, फुलासारखा अलगद ठेवला.

तो बुडालाच नाही. जरासा डुलला, सरळ झाला, आणि प्रवाहाबरोबर निघाला.

"बुडेल, आई, आत्ता बुडेल," विभावरी म्हणाली.

वाडगा काठापासून लांब गेला. सुरेखाताई त्याच्या बरोबरीने चालू लागल्या, मग भरभर, मग चक्क धावू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी बाई, अंगात सुनेचं जाकीट, एका हातात निऱ्या. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा बाजूला होऊन बघत राहिला.

"अहो!" त्या पाण्याकडे बघून ओरडल्या. "अहो, थांबा ना! अहो, मला कुणाजवळ टाकून निघालात?"

विभावरी त्यांच्यामागे धावत होती. वळणाशी तिने त्यांना गाठलं आणि घट्ट धरलं. वाडगा अजून दिसत होता, आणि सुरेखाताई त्याला हाका मारायच्या थांबत नव्हत्या.