समृद्धीनं केलेला शेजारी

आणे गावच्या शाळेत नको असलेल्या स्पर्शाविषयी नाटुकलं बसवताना विज्ञान शिकवणाऱ्या शैलजाबाईंनी प्रत्येक वाक्य तोलून लिहिलं होतं. गावातल्या कुणाकडे बोट जाऊ नये म्हणून त्यांनी वाईट माणूस शहरातला शेजारी केला होता. ती भूमिका समृद्धीकडे होती.

प्रयोगाच्या दिवशी समृद्धी मिशी लावून बाकावर, लहान मुलीचं काम करणाऱ्या रीनाच्या शेजारी बसली. "अभ्यास कसा चाललाय, बाळ?" हे तिचं वाक्य होतं. ते ती बोललीच नाही. डावा हात पुढे करून तिनं गाडीचा गिअर टाकल्यासारखं केलं आणि तोच हात रीनाच्या गुडघ्यावर नेला.

"सरक की गं जराशी. गेर पडत न्हाई."

समोरच्या मुली हसल्या आणि लगेच त्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाईंनीही तिकडे पाहिलं. वाड्यांवरच्या मुलींना रोज जीपमधून घरी सोडणारा हौशीराम तिथं उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण नजर समृद्धीवरून हलत नव्हती.

"लई गुणाची पोर हाय, बाई," तो म्हणाला. "आज तिला पुढंच बसवतो."

बाहेर जाऊन त्यानं जीप चालू केली. एकही मुलगी उठली नाही. दिवस कलला होता आणि वाड्यांकडे दुसरी गाडी नव्हती. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

बाईंनी पदर खोचला. "दप्तरं घ्या. आज आपण चालत जाऊ, मी येते प्रत्येकीच्या घरापर्यंत."

वाड्यांकडे जाणारा रस्ता एकच होता, आणि तो जीपच्या पुढूनच जात होता.