सासूबाई बसल्या की दिवा वर

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पोस्टमन सायकलसकट कुंपणात गेला. इजा काही झाली नाही. समोरून चष्मेवाल्याची मोटरसायकल येत होती, मागे त्याच्या सासूबाई बसल्या होत्या आणि गाडीचा दिवा थेट पोस्टमनच्या डोळ्यांत घुसला होता.

"मला वाटलं, वरूनच बोलावणं आलं," पोस्टमन कुंपणातून म्हणाला.

चौकातल्या हवालदाराने त्याला बाहेर ओढलं आणि मोर्चा चष्मेवाल्याकडे वळवला.

"चष्म्याचं दुकान ना तुमचं? गिऱ्हाईक वाढवायची ही कुठली रीत?"

"साहेब, बल्ब नवा आहे, म्हणून जरा..."

"उद्या याच वेळी, याच गाडीवरून, दोघांनीही इथून जायचं. मी समोर उभा राहीन. उजेड माझ्या पट्ट्याच्या खाली राहिला तर पुढे जा. वर आला तर गाडी महिनाभर ठाण्यात."

गाडीवाचून चष्मेवाल्याचं स्वतःचं काही अडत नव्हतं. दुकान घराच्याच इमारतीत, तळमजल्यावर होतं. प्रश्न सासूबाईंचा होता. गुडघा दुखतो म्हणून त्या लेकीकडे राहायला आल्या. गुडघा बरा झाला, पण तोवर गावातल्या हौशी नाटक मंडळीने त्यांना लढवय्या राणीची भूमिका दिली होती. तालमीचा हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे ना बस जात होती, ना रिक्षावाले फिरकत होते. गाडी गेली म्हणजे तालीम घरात येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याची चुणूक त्याच संध्याकाळी मिळाली. पोस्टमनच्या गडबडीत तालीम हुकली होती, म्हणून सासूबाईंनी ती बैठकीत उरकली. राणी तिसऱ्या अंकात मरते आणि मरायला वेळ घेते. जेवणाआधी ती चार वेळा मेली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं. सासूबाईंना वाटलं, दाद आली. त्या पाचव्यांदा मेल्या.

"महिनाभर?" बायकोने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"महिनाभर," तो म्हणाला.

"मग उद्या तो दिवा मी बघते."

बायको वजनकाट्यावर कामाला होती. दिवसभर ट्रक काट्यावर घ्यायचे, आधी रिकामे, मग भरलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानामागच्या बोळात आली आणि भिंतीवरची खडूची फुली बघून थबकली.

"ही कोणी काढली?"

"मीच. बल्ब बदलला तेव्हा दिवा या फुलीवर बसवला."

"एवढ्या उंच?"

"माणसाच्या डोळ्याची बरोब्बर उंची आहे ती," चष्मेवाला अभिमानाने म्हणाला. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आरसा असो, तक्ता असो, भिंग असो, दुकानातली प्रत्येक वस्तू डोळ्याच्या रेषेत बसवायची. त्याने मोटरसायकलचा दिवाही तसाच बसवला होता. त्यात त्याला वावगं काहीच दिसलं नव्हतं.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, समोरच्याच्या डोळ्यांत मारायचाय की रस्त्यावर पाडायचाय?"

मग तिने कामाला सुरुवात केली. आधी चाकांत हवा भरून घेतली. गाडी स्टँडवरून काढून सपाट जमिनीवर सरळ उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारली, आणि गाडी तशीच मागे घेत बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेली. दिव्याचा जवळचा झोत, म्हणजे लो बीम, लावला. उजेडाची वरची कड रेघेच्या थोडी खाली यायला हवी. चष्मेवाल्याने दिव्यामागचा स्क्रू फिरवला. कड रेघेखाली आली.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं? रिकाम्या गाडीवर माप घेतलंस. आमच्याकडे कोणी असं केलं तर मालक त्यालाच काट्यावर उभं करेल. बस."

तो बसला. कड किंचित वर सरकली. त्याने ती खाली आणली.

"आता मागचं वजन," बायको म्हणाली, आणि दोघांनीही घराच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मागे माणूस बसला की गाडीचं बूड दबतं, तोंड वर होतं आणि दिवा आभाळाकडे बघू लागतो. मागे कोण बसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तू सांग," तो म्हणाला. "तुझी आई आहे."

"गाडी तुझी आहे."

"त्यापेक्षा बटाट्याचं पोतं ठेवू."

"एकाने नाही भागायचं," बायको म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"कशाने नाही भागायचं?" सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ जावयावर आली. "आई, त्याचं काय आहे... तुम्ही बसलात की गाडीला एक भारदस्तपणा येतो."

"दिवा वर जातो, असं सरळ म्हणा की जावईबापू! मी काही मेणाची नाही." सासूबाई पदर खोचून मागे बसल्या. उजेडाची कड भिंत चढून पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेली. खिडकीत कोणीतरी पडदा ओढला.

चष्मेवाला स्क्रू फिरवत राहिला. कड इंचाइंचाने उतरली आणि स्क्रू शेवटाला टेकला तेव्हा रेघेखाली विसावली. आणखी एक वेढा दिला असता तर दिवा हातात आला असता.

"बसला!" बायको म्हणाली. "आता याच वजनाने जा. जास्त नाही, कमी नाही."

"मी आलेच," म्हणून सासूबाई आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा अंगात चिलखत होतं, डोक्यावर शिरस्त्राण होतं आणि हातात ढाल होती. मंडळीने आजपासून पोशाखातली तालीम सांगितली होती. सामान मंडळीतल्या वेल्डरने केलं होतं आणि त्याला पुठ्ठ्यात काम करता येत नव्हतं.

"आई, हे लोखंडाचं आहे?" बायकोने विचारलं.

"राणी कुठे कागदाची असते? चला, उशीर होतोय."

चौकात हवालदार रस्त्याच्या कडेला, कंबरेवर हात ठेवून उभा होता. उजेड त्याच्या पट्ट्यावर आला, गुंड्यांवरून चढला आणि टोपीवर थांबला.

"थांबा!" हवालदाराने डोळ्यांवर हात धरला. "कालच्यापेक्षा वर आहे की! आणि मागे हे काय बसवलंय?"

"महाराणी," सासूबाई म्हणाल्या.

"साहेब, घरून नीट बसवून निघालो होतो. हे चिलखत आयत्या वेळी..."

"उतरवा ते."

चिलखत उतरलं, शिरस्त्राण उतरलं, ढाल उतरली. सगळं फुटपाथवर गेलं आणि उजेड मुकाट्याने पट्ट्याखाली आला. हवालदाराने दोनदा वाकून खात्री केली.

"आता बरोबर. जा. पण बाईंसोबत हे सामानही गाडीवर चढलं तर चावी माझी."

"मग सामान कसं न्यायचं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तो वाहतुकीचा प्रश्न नाही."

"आधी तुम्ही मला सोडा, मग परत येऊन सामान आणा," सासूबाईंनी मार्ग काढला आणि लगेच मोडलाही. "छे, नको. मागे कोणी उचलून नेलं तर? मी चिलखताशिवाय हलणार नाही."

"बरं, मग आधी सामान सोडतो आणि तुम्हाला न्यायला येतो."

"आणि तोवर राणीने चौकात उभं राहायचं?" असं म्हणून त्या ढालीवर बसल्या.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार, साडेसात वाजले होते आणि तालीम सुरू झालेली होती. दिवा नियमाप्रमाणे रस्त्यावर पडत होता. सासूबाई उठल्या नव्हत्या. चौकातून तोवर तीन रिक्षा गेल्या, पण एकही थांबली नाही. चष्मेवाल्याच्या खिशात फोन वाजला. बायको विचारत होती, "आई पोहोचली ना रे हॉलवर? की घरी येतेय?" त्याने सासूबाईंकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं आणि "थांब, सांगतो," म्हणून फोन तसाच कानाला धरून ठेवला.