मरळीच्या अंगातला पारा

भंडारदऱ्याच्या धरणात सहादू बुडाला, त्याला वर्ष होत आलं होतं. देह सापडलाच नाही. त्याची बायको राहीबाई त्याच्याच होडीतून जाळं टाकायची, मासे विकायची. पण माशाचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

पुण्याहून संशोधनाला आलेल्या दीपाने तिच्याकडून एक थोराड मरळ मासा घेतला आणि काठावरच त्याच्या मांसाचा तुकडा बाटलीत भरला.

"याचं काय करता, ताई?"

"यातला पारा मोजणार. मासा जे खातो त्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो, सहजी जात नाही. त्यावरून त्यानं किती खाल्लं याचा अंदाज येतो."

राहीबाई माशाजवळ सरकली. "आन् काय खाल्लं, त्ये कळतं का?"

सहादूचं दीपाच्या कानावर आलं होतं. तिने सुरी खाली ठेवली. "नाही, मावशी. पाऱ्यावरून ते नाही कळत."

"मंग उरल्याला मला द्या."

राहीबाईने तो मासा पदरात घेतला, वर चढून करवंदीच्या जाळीपाशी खड्डा केला आणि त्याला माती दिली. मग वर्षभरात पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या नावाने गळा काढून रडली.