सहा नंबरचा डबा

आमच्या सुंबेरवुंगू गावात दर घराच्या दाराशी तारेनं एक डबा टांगलेला असतो. दुधाचा रिकामा डबा, दुसरं काही नाही. संध्याकाळी घरातल्या बाईनं त्यात मूठभर तांदूळ टाकायचे, नमाज आटोपल्यावर आम्ही ते गोळा करायचे. कुणी मेलं, कुणी आजारी पडलं, की त्या घरी जातात ते तांदूळ. आणि ज्याचा डबा भरलेला, त्याचं घर, त्याची गुरं, त्याचा जीव गावाच्या राखणीत. ज्याचा रिकामा, त्याचं त्यानं बघावं. आजोबांपासून चालत आलेला नियम आहे.

गस्तीच्या पाळ्या बदलतात, पण तांदूळ गोळा करणारे आम्ही दोघेच. मी सार्मिदी, कौलं भाजणारा, आणि मला 'कांग', म्हणजे दादा, म्हणणारा माझा मेहुणा कास्दी. तो वरची गल्ली घेतो, मी खालची. चौकीवर परत आलो की तो खडू घेऊन फळ्यापुढं उभा राहतो आणि मी घरांचे नंबर सांगतो. भरलेला असेल तर टिंब, रिकामा असेल तर फुली.

खालच्या गल्लीत पाच घरं सरळ आहेत. मग बांबूचं बेट लागतं, आणि बेटापलीकडं सहावं घर. त्या बेटात काय आहे ते गावात कुणी नाव घेऊन सांगत नाही. केसाळ आहे, ताडाएवढं उंच आहे, आणि माणसाच्या आवाजात हाक मारतं, एवढंच म्हणतात. लहानपणी माझ्या थोरल्या भावानं ती हाक ऐकली आणि महिन्याभरात तो गेला. तेव्हापासून अंधार पडला की त्या बेटाशी माझे पाय गळायचे. हसा हवं तर. चार लेकरांचा बाप झालो, तरी गळायचे.

सहाव्या घरात वागिमुन राहायला आला आणि माझी पंचाईत झाली. त्याच्या बायकोला, पाइन्तेनला, ते घर तिच्या मावशीनं दिलेलं. माणूस बाहेरगावचा, कमी बोलणारा, झाडू बांधून विकायचा. पहिल्या दिवशी मी बेटाच्या अलीकडं उभा राहिलो, बॅटरीचा झोत तिकडं टाकला, काही दिसलं नाही. चौकीवर कास्दीनं विचारलं, "सहा?"

"रिकामा," मी म्हटलं.

असं तीन महिने चाललं. तीन महिने मी बेटापर्यंत जायचो, झोत टाकायचो, मागं फिरायचो. फळ्यावर सहाच्या पुढं फुल्यांची रांग लागली.

लोक काय, फळा वाचतात. आमचा वस्तीप्रमुख पाक गुनारी (मोठ्या पुरुषाला आम्ही मानानं 'पाक' म्हणतो, बाईला 'बू'), तोंडाचा पट्टा कायम सुटलेला. रस्त्याच्या श्रमदानाला सगळे जमले असता तो वागिमुनला म्हणाला, "काय हो, झाडूवाले! मूठभर तांदूळ जड होतात, आणि राखण मात्र फुकट हवी होय?"

"मी रोज ठेवतो, पाक," वागिमुन म्हणाला. "रोज."

"हो ना! मग रोज भुतं खात असतील!" कास्दी बोलला आणि सगळे खो-खो हसले.

वागिमुन हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कुदळीकडं पाहिलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर फार तर काय, 'भित्रा' म्हणून हसले असते आठ दिवस. पण नाही. आपली लाज आपल्याला प्यारी असते.

त्यानंतर पंधरवड्यानं एका रात्री गुनारीच्या दोन शेळ्या नाहीशा झाल्या. चौकीपुढचं पोकळ लाकूड दोन-दोन ठोक्यांनी वाजायला लागलं. दोन ठोके म्हणजे चोर. ते वाजलं की अंगात काय शिरतं ते सांगता येत नाही. देवभोळी, पाप भिणारी माणसं, पण कोयता, काठी, हाताला लागेल ते घेऊन धावत सुटली. मीही धावलो, हातात बॅटरी.

आणि बेटातून एक माणूस बाहेर आला. पाठीवर पोतं.

"धरा!" कुणीतरी ओरडलं.

पुढचं मी सांगणार नाही सगळं. पोतं फाटलं आणि तांदूळ चिखलात सांडले. "चोरीचे तांदूळ!" म्हणून अजून मारलं. माझा झोत त्याच्या तोंडावर होता, वागिमुनच्या. त्यानं मला ओळखलं. "पाक सार्मिदी!" तो म्हणाला. "तुम्ही सांगा यांना. डब्यातले तांदूळ आहेत. सांगा ना."

मी बॅटरी विझवली.

दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. पोलिस आले, पण कुणी काही पाहिलंच नव्हतं. पाइन्तेन एक बोचकं घेऊन मोठ्या शहरात निघून गेली. तिसऱ्या दिवशी गुनारीच्या शेळ्या आपल्या पायांनी घरी परत आल्या. गुनारीनं त्या दुपारीच कापल्या. मांस कुणी नाकारलं नाही. माझ्या घरीही आलं होतं.

मेल्या माणसाचं चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात. वागिमुनचं कोण घालणार? तो दिवस गुरुवारी आला. मला घरात बसवेना. अंधार पडल्यावर मी उठलो आणि पहिल्यांदा बेटातून पलीकडं गेलो. दातखीळ बसली होती, पण गेलो. दाराला कुलूप, अंगणात पालापाचोळा, आणि डबा जागेवर. मी हात घातला.

डबा काठोकाठ भरलेला. तांदूळ कोरडे होते, वर पान नाही, किडा नाही. जणू कुणी आत्ताच ठेवलेले.

आता तुम्ही म्हणाल, कुणी थट्टा केली असेल. मीही तेच म्हटलं. पुढच्या गुरुवारी दिवेलागणीपासून अंगणातच दबा धरून बसलो. कुणी आलं नाही. फक्त अंधार पुरता पडला तेव्हा आवाज झाला, मुठीतून पत्र्यावर तांदूळ सोडावेत तसा. उठून बघतो तर डबा भरलेला. मी पँट ओली केली, खोटं कशाला बोलू.

तसे टाकून यायची छाती झाली नाही. पोत्यात ओतले. दर गुरुवारी गेलो, दर गुरुवारी ओतले. नऊ वर्षं. कास्दीला एकदा घेऊन गेलो तर डबा रिकामा. "कांग, तुला म्हातारचळ लागलाय," म्हणून निघून गेला तो. पण माझ्या गावानं नऊ वर्षं वागिमुनचे तांदूळ खाल्ले. बाळंतिणींनी खाल्ले, आजाऱ्यांनी खाल्ले. मला एकट्याला ठाऊक होतं, आणि घास माझ्याच घशात अडकत होता.

यंदा भातकापणीनंतर पाइन्तेन परत आली. केस पांढरे, हात धुण्यानं सोललेले. "मला माझ्या घरात राहायचंय," म्हणाली. झालं! गुनारीनं तर त्या जागेवर नव्या चौकीचं आणि बॅडमिंटनच्या मैदानाचं ठरवून टाकलेलं. रविवारी सकाळी सभा बोलावली. चटया पसरल्या, उकडलेल्या शेंगा आल्या, कॉफी आली.

गुनारी गोड बोलला. "बू पाइन्तेन, आमचं तुमच्याशी वैर नाही. पण नियम सगळ्यांना एकच. तुमच्या घरानं तीन महिने डबा रिकामा ठेवला, फळा सगळ्या गावानं पाहिलाय. म्हणजे तुम्ही स्वतःहूनच राखणीतून बाहेर पडलात. शिवाय तुमचा नवरा... आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं!"

"बोला की," पाइन्तेन म्हणाली. "चोर म्हणा. नऊ वर्षांपूर्वी म्हणालातच."

"पोतं होतं त्याच्या पाठीवर!" गुनारीचा आवाज चढला. "सगळ्यांनी पाहिलं!"

सगळे चटईकडं बघत होते. मला तेव्हा कळलं की हा जागेचा प्रश्नच नाही. तो चोर असला तर आम्ही चाळीस जण चांगली माणसं. तो चोर नसला तर आम्ही कोण? गुनारी मैदानासाठी नाही, त्यासाठी भांडत होता. पण त्या बाईचं घर जात होतं, आणि ते वाचवणारं एकच तोंड तिथं होतं. ते शेंगा खात होतं.

मी उठलो.

"डबा रिकामा नव्हता," मी म्हटलं. "मी बघायलाच गेलो नाही कधी. बेटाला भ्यायचो. एक दिवसही गेलो नाही, आणि रोज फुली मारायला लावली. त्या रात्री त्यानं माझं नाव घेऊन सांगितलं होतं, मी बॅटरी विझवली. त्याला तुम्ही मारलंत, पण आधी मी मारला."

"कांग, बस खाली," कास्दी हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या रात्री पहिली काठी त्याची होती.

"नऊ वर्षं बसलोय रे," मी म्हटलं.

पाइन्तेननं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं, पाक," ती म्हणाली. "तुमचा झोत रोज दिसायचा खिडकीतून. बेटाशी यायचा, थांबायचा, परत जायचा. मी चिडायचे. ते म्हणायचे, घाबरतात गं बिचारे, बेटातून येणारी वाट आहेच तशी. दिलेले तांदूळ परत घरात घेत नाहीत, म्हणून सकाळी डबा पोत्यात रिकामा करायचे. तीन महिन्यांचे साठले होते. त्या रात्री ठोके ऐकले आणि म्हणाले, आज सगळे चौकीवर असतील, सगळ्यांसमोर देऊन येतो. म्हणजे पाक सार्मिदींना इथवर यायला नको."

मग कास्दी उठला, चप्पल न घालताच निघून गेला. मागोमाग एकेक जण. सभा कुणी संपवली नाही, ती तशीच संपली. गुनारी रिकाम्या चटयांकडं बघत बसला. जागेचं नाव त्यानं परत काढलं नाही.

गुरुवारी अंधार पडल्यावर मी गेलो. घरात दिवा होता, अंगण झाडलेलं. डब्यात हात घातला. बोटं पत्र्याला लागली. नऊ वर्षांत पहिल्यांदा डबा रिकामा होता. मी तळ चाचपला, चारही बाजू चाचपल्या. एक दाणा नाही. तांदूळ पडण्याचा आवाज येईल म्हणून उभा राहिलो. बेटातले बांबू नुसते करकरत होते, आणि मला रडू फुटलं.

"पाक," आतून पाइन्तेनचा आवाज आला. दार तिनं उघडलं नाही. "मी डबा भरणार नाही. आमचं देऊन झालंय."

"हो बाई," मी म्हटलं.

चौकीवर कास्दी खडू घेऊन उभा होता. सभेपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. एक, दोन, तीन, चार, पाच सांगून झाले. तो थांबला. माझ्या पोत्याकडं त्यानं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सहा?" त्यानं विचारलं.

"भरलेला," मी म्हटलं.

त्यानं टिंब काढलं.