मुली गात नाहीत, म्हणतात

ठाण्यातल्या मुलींच्या शाळेने एक थोर शोध लावला होता: मुली गात नाहीत, म्हणतात! गायल्या तर त्या गाणाऱ्या ठरतील, आणि गाणारी म्हणजे कशी बाई, ते भल्या घरी बोलायची सोय नव्हती. त्यामुळे श्रीपाद मास्तर बाजाची पेटी वाजवायचे, सूर द्यायचे, मान डोलवायचे आणि वर बजावायचे, "मुलींनो, फक्त म्हणा हं!"

तेरा वर्षांच्या शकूचा आवाज असा खणखणीत, की खाडीपलीकडे कळव्याच्या मिठागरात माणसं काम थांबवत असतील, अशी निदान तिची तरी खात्री होती.

एकदा कलेक्टरसाहेबांची मडम शाळा बघायला आली. स्वागताचं पद ऐकून तिने दुभाष्यामार्फत शकूला विचारलं, "मोठेपणी काय करणार?"

मास्तरांनी 'संसार' असं उत्तर पढवून ठेवलं होतं.

"गाणार!" शकू म्हणाली.

मडमने टाळ्या पिटल्या. एकटीनेच.

शकूचे वडील अण्णा कलेक्टर कचेरीत कारकून. संध्याकाळी घरात पागोटं आपटून ते गरजले, "उद्यापासून शाळा बंद!"

"पण अण्णा, शाळेनंच शिकवलं ना?"

"शाळेनं म्हणायला शिकवलं! गायला कोणी सांगितलं गं?"

पुढे बक्षीससमारंभ आला आणि मडमचा निरोपही: त्याच मुलीचं पद हवं. मास्तर धावत घरी आले. साहेबाच्या घरचा निरोप म्हटल्यावर अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "शकू बाळ, उद्या ते पद म्हणशील ना?"

"म्हणेन की!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सूर दिला. शकूने हात जोडले, आणि सतराचा पाढा घोकावा तसं अख्खं पद एका दमात सपाट म्हणून टाकलं.

मडम गोंधळली. साहेबाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या मानेवरून घाम ओघळला.

"अगं, नीट म्हण!" मास्तर कुजबुजले.

"म्हटलं की, मास्तर. मुली म्हणतात ना?"

"शकू!" पुढच्या रांगेतून अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "गा..."

"ऐकू नाही आलं, अण्णा."

"गा म्हणतोय ना! शाळेत ये, रोज गा, पण आत्ता गा!" अण्णा उभे राहून ओरडले. सगळ्या ठाण्यादेखत.

शकूने पदर खोचला, मास्तरांना मानेने खूण केली आणि ती गायली.

समारंभात बेसूर लागला तो तेवढा अण्णांचा 'गा!'