भिकीची नजर

परिसंवादाचं नाव होतं ‘न्यूरल नेटवर्क आणि विश्वास’. डहाणूच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाच तज्ज्ञ गळ्यात ओळखपत्रं अडकवून बसले होते आणि प्रत्येक जण ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून पंधरा मिनिटं खात होता. नितीन टोकाच्या खुर्चीत होता. तलासरीच्या पाड्यावरून पीएचडीपर्यंत पोचलेला मुलगा म्हणून सकाळीच त्याचं कौतुक होऊन गेलं होतं. तेव्हापासून तो पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होता, कारण तिथे सुनिलशेठच्या शेजारी त्याची भिकीकाकी बसली होती.

तिला संयोजकांनी परस्पर बोलावलं होतं. नरपडला सुनिलशेठच्या चिकूवाडीत ती बावीस वर्षं कामाला होती. कामाला म्हणजे टोपल्या वाहायला नव्हे. ती झाडांखालून नुसती चालत जायची आणि म्हणायची, “ह्या झाडाला लागलंय.” आठवड्याभराने त्या झाडाच्या पानांवर ठिपके दिसायचे. शेठ बायकोचं ऐकायचा नाही, पण भिकीचं ऐकायचा. दोन वर्षांपूर्वी नितीनने पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं नेटवर्क करायला घेतलं, तेव्हा रोगट पानं निवडून दिली तीही तिनेच. देठ चिमटीत धरून ती एकेक पान पुढे करी, नितीन फोटो काढी. असे चार हजार फोटो. निरोगी पानांचे फोटो मात्र त्याने नंतर विद्यार्थ्यांकडून झाडावरच काढून घेतले.

इथेच माशी शिंकली. रोगट पानाच्या प्रत्येक फोटोत भिकीचा डावा हात होता, मनगटापर्यंत गोंदणाच्या ठिपक्यांनी भरलेला. नेटवर्कने पानावरचे ठिपके शिकायचे सोडून हातावरचे शिकले. हात दिसला की रोग, नाही दिसला की निरोगी. नेटवर्क फोटोत नेमकं कुठे बघतं ते दाखवणारं चित्र नितीनने दहा दिवसांपूर्वी काढून पाहिलं, तर पान सगळं काळं आणि हात लालभडक. ती चौदावी स्लाइड होती. त्याने ती काढून टाकली आणि पंधरावीला चौदा नंबर दिला.

“तुमचं मॉडेल काय बघून निर्णय घेतं, ते तपासलंत का?” पांढऱ्या दाढीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं.

“हो सर, तपासलं,” नितीन म्हणाला. शब्द सगळे खरे होते.

मग अध्यक्ष प्राजक्ता मॅडमनी भिकीला व्यासपीठावर बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. टेबलावरच्या ताटलीत चिकूची पानं ठेवली होती. “भिकीताई, तुम्ही सांगा, मग फोन सांगेल.”

भिकीने एक पान उचललं, जुन्या सवयीने देठ चिमटीत धरून पुढे केलं. “हा चांगला हाय.”

संयोजकाने नितीनचं नेटवर्क घातलेला फोन पानासमोर धरला. पडदा लाल झाला. रोगग्रस्त, अठ्ठ्याण्णव टक्के.

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी पुटपुटलं, “हात दाखवून अवलक्षण!” भिकीने पान उलटसुलट करून पाहिलं. ती कधी गोंधळत नसे. आज गोंधळली. पान तिने टेबलावर ठेवलं, आणि फोन अजून पानावरच रोखलेला होता म्हणून पडदा क्षणभर हिरवा झाला. संयोजक तेव्हा हसत मॅडमकडे वळला होता. भिकीने हिरवं पाहिलं. पान पुन्हा उचललं. लाल. मग तिने नितीनकडे पाहिलं.

त्याने मान खाली घातली.

भिकी माइककडे वाकली. “म्हातारी झाले बाई. नजर गेली माझी,” ती म्हणाली आणि खाली उतरली. टाळ्या पडल्या. उठावं, ओरडावं असं नितीनला वाटलं, पण नुसतं वाटून काय होतं?

जेवणाच्या वेळी सुनिलशेठने त्याच्या पाठीवर थाप मारली. “जोरदार काम, नितीनभाई! उद्यापासून झाडं फोन बघेल. भिकीला टोपल्यांवर घेतो.” त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

भिकी कोपऱ्यात एका हाताने जेवत होती. डावा हात पदराखाली होता. नितीन तिच्याजवळ जाऊन बसला.

“काकी, तू असं का बोललीस?”

“तुझा तोंड बघितला.” ती भात कालवत राहिली. “त्याला माझा हात दिसला का तो लाल होते. नाय का?”

“हो.”

“तुला कधीपासून ठावं?”

“दहा दिवस.”

“दहा दिवस,” भिकी म्हणाली. “आन मी वाडीवर बायांना सांगत फिरते, आमच्या नित्याच्या फोनात माझीच नजर हाय.”

तिने ताट सरकवलं आणि उठली.

दुपारच्या सत्रात नितीनने न विचारता माइक घेतला. मूळची चौदावी स्लाइड लावली. पडद्यावर भिकीचा हात पेटल्यासारखा लाल झाला. त्याने सगळं सांगितलं, काढून टाकलेल्या स्लाइडसकट. मग पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, पाठोपाठ बाकीचेही. प्रामाणिकपणाबद्दल! नितीनला त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या वाटल्या. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेठ जेवून गेला होता, काकीने तीनची जीप पकडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नरपडच्या वाडीवर गेला. सुनिलशेठला गाठलं, सगळ्या बायांसमोर पहिल्यापासून सांगितलं. चूक माझी, हाताचा दोष नाही, काकीचं पान चांगलंच होतं.

शेठने शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, पण ती स्वतः बोलली ना? माइकवर, दोनशे माणसांसमोर. नजर गेली म्हणाली. आता काकी आहे तुझी, तर तू तिची बाजू घेणारच.” त्याने नितीनच्या खांद्यावर हात ठेवला. “चांगला मुलगा आहेस. फोन दुरुस्त कर. तोवर मुंबईहून माणूस बोलावतो झाडं बघायला.”

नितीनने वळून काकीला हाक मारली. “काकी, तू तरी सांग!”

भिकी डोक्यावर चुंबळ ठेवत होती. “काय सांगू?” ती म्हणाली. “एकदा तुझ्यासाठी बोलले. आता माझ्यासाठी बोलले, तर खरं कोणाला वाटल?”

तिने टोपली उचलली आणि झाडांच्या ओळीतून चालू लागली. पाचव्या झाडाखाली तिची पावलं थांबली. टोपली सावरत तिने हळूच वर पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. बाकीच्या बायाही थांबल्या, सवयीने, ती काही म्हणेल म्हणून.

भिकी काही न बोलता पुढे गेली.

नितीन त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. एकेक फांदी खाली ओढून पाहिली, पानं उलटून पाहिली. सगळी हिरवीगार. त्याला काहीच दिसेना.