लिफ्टच्या टपावर नोटीस

कोर्टाची नोटीस दोनदा टपालाने गेली आणि दोनदा परत आली. पाकिटावर शेरा, 'घर बंद'. घर बंद कसलं! धाकटा भाऊ आत श्वास रोखून बसलेला असणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती शाळेत पीटी शिकवायची. दांडी मारणारे तिला लांबूनच ओळखू यायचे.

घटस्फोटाचा अर्ज भावजयीने केला होता. कारकून तिला म्हणाला, "आता हातात द्यावी लागेल. पण तुम्ही स्वतः देऊन चालत नाही, दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवी."

"आणा इकडे," सोबत आलेली ताई म्हणाली. "लहानपणी आईचे सगळे निरोप मीच त्याला कान धरून पोचवलेत."

भाऊ लिफ्ट मेकॅनिक. त्या सकाळी एका सातमजली इमारतीत, चौथ्या मजल्याच्या जरा खाली, बंद लिफ्टच्या टपावर बसून तो लोखंडी दोर तपासत होता. ताई धापा टाकत जिने चढून आली, उघड्या दारात गुडघे टेकले आणि पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

"ताई, मी कामात आहे!"

"म्हणूनच आले. इथून पळशील कुठे?"

त्याने हातातला दोर सोडला. मग हळूच म्हणाला, "मुली जातील गं. सगळे म्हणतात, बापाच्या वाट्याला नुसता रविवार येतो."

"सगळ्यांनी हे वाचलंय? तू तरी वाचलंस?"

त्याने ग्रीसचे हात पँटला पुसले, पाकीट फाडलं आणि बॅटरीच्या उजेडात ओठ हलवत वाचू लागला. तिसऱ्या पानावर अडला. पुन्हा वाचलं.

"एक आठवडा आईकडे, एक आठवडा वडिलांकडे..." त्याचा आवाज पार तळमजल्यापर्यंत घुमला. "ताई, निम्मे दिवस! तिने आपणहून लिहिलंय!"

"मग? नवराबायको म्हणून तुमचं जमलं नाही. पण बाप म्हणून तिने तुला कधी नावं ठेवली?"

तो हसत सुटला, डोळे पुसता पुसता तोंडभर ग्रीस फासून घेतलं. खाली ताटकळलेले एक आजोबा ओरडले, "अहो, झालं का काम?"

"झालं, आजोबा! फक्कड झालं!"

पोचपावतीवर सहीबरोबर काळा अंगठाही उमटला. ताईने जिन्यातूनच भावजयीला फोन लावला.

"दिली गं."

"चिडला का?"

"छे! विचारतोय, त्याच्या आठवड्यात थोरलीच्या वेण्या कोण घालणार?"

पलीकडे हसू फुटलं. "त्याला म्हणावं, शनिवारी ये. कंगवा घेऊन. शिकवते."